न छापण्याची सत्ता: प्रस्थापित संपादकांना खुले पत्र

प्रस्थापित वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना,

स. न. वि. वि.

गेली काही वर्षे तुमच्या अग्रलेखांतून आणि परिसंवादांतून एक तक्रार सतत कानावर येते. कुणीही उठतो, हातात फोन घेतो आणि बातमीदार होतो. त्याच्या डोक्यावर ना उपसंपादक, ना त्याला अब्रुनुकसानीच्या दाव्याची धास्ती. मग या तक्रारीला हळूच एक मागणी जोडली जाते. इंटरनेटवर लिहिणाऱ्यांची नोंदणी करा, त्यांना परवाना लावा, खरे-खोटे ठरवणारी एखादी अधिकृत यंत्रणा नेमा. तुमच्यापैकी काही जण ही मागणी उघड करतात, बाकीचे ती मुकाट्याने ऐकून घेतात. हे पत्र दोघांनाही आहे.

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे, आणि त्याकडे मी येणारच आहे. पण इंटरनेटमुळे तुमच्या हातून नेमके काय गेले, याचा हिशेब आधी नीट मांडला पाहिजे. बातमी शोधण्याचे, तिची शहानिशा करण्याचे, ती चार लोकांना कळेल अशी लिहिण्याचे कसब अजून तुमच्याकडेच आहे. गेली ती बातमी न छापण्याची सत्ता. एखादी गोष्ट मंत्र्यांना ठाऊक आहे, मालकांना ठाऊक आहे, तुमच्या डेस्कवरच्या शिकाऊ मुलालाही ठाऊक आहे, फक्त वाचकाला ठाऊक नाही, ही अवस्था वाटेल तितके दिवस टिकवून धरण्याची ती सत्ता होती. ती किती मोठी होती, याची आठवण हल्ली फारशी कुणी काढत नाही.

१९३६ सालचा ब्रिटन घ्या. राजा आठवा एडवर्ड आणि तो जिच्याशी लग्न करू पाहत होता ती घटस्फोटित अमेरिकन स्त्री वॉलिस सिम्प्सन यांचे प्रकरण अमेरिकेतली वृत्तपत्रे महिनोन्महिने रंगवून छापत होती. राजाने लॉर्ड बीव्हरब्रुक या वृत्तपत्रमालकाला बोलावून घेतले, बीव्हरब्रुकने इतर मालकांशी बोलणी केली आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी एकमुखाने मौन धरले. त्यासाठी कायदा करावा लागला नाही की सेन्सॉर बसवावा लागला नाही. अमेरिकेतून येणाऱ्या ‘टाइम’सारख्या नियतकालिकांचे काय करायचे, हा प्रश्न होता. वितरकांनी तो कात्रीने सोडवला. राजाविषयीचा मजकूर कापून काढायचा आणि उरलेला अंक विकायचा. पैसे मोजून घेतलेल्या अंकात वाचकाला चौकोनी भोके मिळत. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपने एका भाषणात राजाच्या वागण्याबद्दल सूचक उद्गार काढले, ३ डिसेंबरला लंडनच्या वृत्तपत्रांनी एकदम तोंड उघडले, आणि १० तारखेला राजाने सिंहासन सोडण्याच्या कागदावर सही केली. राज्यघटनेचा एवढा मोठा पेच, त्यावर स्वायत्त वसाहतींच्या पंतप्रधानांचे मत नोव्हेंबरातच मागवून झालेले, आणि खुद्द ब्रिटिश नागरिकाला विचार करायला मिळाला जेमतेम एक आठवडा.

सतरा वर्षांनी पुन्हा तेच. २३ जून १९५३ च्या रात्री इटलीच्या पंतप्रधानांसाठी दिलेल्या मेजवानीनंतर विन्स्टन चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे डॉक्टर लॉर्ड मोरान यांनी लिहिलेल्या निवेदनाच्या मसुद्यात मेंदूच्या रक्ताभिसरणातल्या बिघाडाचा उल्लेख होता. ज्येष्ठ मंत्र्यांनी तो काढून टाकला. पंतप्रधानांना पूर्ण विश्रांतीची गरज आहे, एवढेच बाहेर सांगितले गेले. बीव्हरब्रुक, कॅमरोज आणि ब्रॅकन ही वृत्तपत्रसृष्टीतली तीन बडी मंडळी चर्चिल यांच्या चार्टवेलच्या घरी आली आणि बातमी दाबायचे ठरले. ज्यांच्याकडे सूत्रे जायची ते अँथनी ईडन तेव्हा शस्त्रक्रियेसाठी बॉस्टनमध्ये होते. म्हणजे ज्या देशाने आदल्याच वर्षी अणुबाँबची चाचणी घेतली होती, त्याचा पंतप्रधान अंथरुणाला खिळलेला, त्याचा वारसदार समुद्रापलीकडे, आणि मतदाराला यातले काहीही ठाऊक नाही.

या माणसांना मी दुष्ट मानत नाही. आपण देशाचे भलेच करतो आहोत अशी त्यांची मनापासून समजूत होती. लोक घाबरतील, बाजार कोसळेल, शत्रू टपून बसलाय, हीच कारणे त्यांनी एकमेकांना दिली असणार, आणि प्रत्येक पिढीत ती तशीच दिली जातात. मला खटकते ते हे की ही कारणे बरोबर होती का, हे तपासायची संधीच कुणाला मिळाली नाही. निर्णय चुकला असता तरी तो चुकला हे कळायला मार्ग नव्हता. ज्यांनी बातमी दाबली त्यांनाच ती दाबण्याच्या योग्यतेचा निवाडा करता येत होता.

इंटरनेटने पहिला घाव घातला तो इथेच. जानेवारी १९९८ मध्ये ‘न्यूजवीक’ या अमेरिकी साप्ताहिकाच्या बातमीदाराकडे अध्यक्ष क्लिंटन आणि व्हाइट हाऊसमधली शिकाऊ कर्मचारी मोनिका लेविन्स्की यांच्या प्रकरणाची बातमी होती. संपादकांनी ती ऐनवेळी थांबवली. १७ जानेवारीच्या रात्री मॅट ड्रज या एकट्या माणसाने आपल्या संकेतस्थळावर जी बातमी टाकली, तिचा मथळाच मुळी ‘न्यूजवीक’ने बातमी मारली असा होता. थांबवलेली बातमी हीच बातमी झाली. ‘न्यूजवीक’कडे थांबण्याची कारणे होती, आणि त्यातली काही चांगली होती. आणखी खातरजमा हवी, असे वाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण ती कारणे वाचकाला सांगायची रीत नव्हती. संपादकाने गप्प बसायचे आणि त्या गप्प बसण्याबद्दलही गप्प बसायचे, हाच शिरस्ता होता. त्या रात्रीनंतर तो चालेनासा झाला.

हा बदल म्हणजे तुमचा पराभव असे तुम्ही धरून चालता. ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच व्यवसायात आहे. २००६ साली आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहराच्या आसपास विषारी कचरा टाकला गेला. तो ट्रॅफिग्युरा या तेलव्यापारी कंपनीने भाड्याने घेतलेल्या जहाजातून आला होता. त्याविषयीचा एक अहवाल ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राच्या हाती लागला, तेव्हा कंपनीने न्यायालयातून मनाई आणली. अहवालाबद्दल लिहायचे नाही, आणि मनाई आहे हेही सांगायचे नाही, असा तो हुकूम. ऑक्टोबर २००९ मध्ये खासदार पॉल फॅरेली यांनी याच विषयावर संसदेत लेखी प्रश्न दिला, आणि संसदेच्या कामकाजपत्रिकेत छापून आलेला प्रश्नसुद्धा वृत्तपत्राला छापता येईना. १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ‘गार्डियन’ने एवढेच लिहिले की संसदेतला एक प्रश्न आम्हाला छापता येत नाही. कुणी विचारला हे सांगता येत नाही, कुठे सापडेल हेही सांगता येत नाही. वाचकांनी संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन कामकाजपत्रिका धुंडाळली, प्रश्न शोधला आणि रातोरात तो ट्विटरभर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कंपनीच्या वकिलांना माघार घ्यावी लागली.

या घटनेत संपादक हरला का? मला तर त्याचा हा सर्वांत भक्कम दिवस वाटतो. आपल्याला गप्प केले गेले आहे, हे त्याने न लपवता सांगितले. पुढचे वाचकांनी केले. १९३६ च्या वाचकाला अंकातली भोके दिसत होती, पण भोकात काय होते हे शोधायचे साधन त्याच्याकडे नव्हते. आताच्या वाचकाकडे ते आहे. भोक आहे एवढे तुम्ही त्याला सांगायचे, की लपवायचे, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे.

शहानिशेचा मक्ताही आता एकट्या वृत्तकक्षाचा राहिलेला नाही, आणि याचे तुम्हाला वाईट का वाटावे हे मला कळत नाही. १७ जुलै २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान पूर्व युक्रेनच्या आकाशात पाडले गेले. २९८ माणसे गेली. रशियाने कानावर हात ठेवले. पूर्वीचा काळ असता तर गुप्तचर खाती जेवढे सांगतील तेवढ्यावर जगाला समाधान मानावे लागले असते. पण त्या भागातल्या साध्या माणसांनी आपापल्या फोनवर टिपून ठेवले होते: ट्रेलरवर लादलेले ‘बुक’ नावाच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राचे वाहन रस्त्याने जाताना. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये घरी बसून सीरियातल्या युद्धाच्या चित्रफिती तपासणारा इलियट हिगिन्स नावाचा माणूस होता. पत्रकारितेचा अनुभव नव्हता, अरबीचा गंध नव्हता. विमान पडण्याच्या काही दिवस आधीच त्याने ‘बेलिंगकॅट’ हे शोधकामाचे संकेतस्थळ सुरू केले होते. त्याने आणि जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी त्या चित्रणांतले रस्ते, पाट्या, इमारती आणि झाडे उपग्रहाच्या छायाचित्रांशी एकेक करून ताडून पाहिली. सावल्या कुठे पडल्या आहेत यावरून वेळ काढली. मग रशियातल्या कुर्स्क शहराच्या ५३व्या विमानविरोधी ब्रिगेडच्या, त्याच वर्षीच्या जूनमधल्या ताफ्याची चित्रणे सापडली. त्या ताफ्यातल्या एका वाहनाच्या बाजूला, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवरच्या आच्छादनाची कडा एका विशिष्ट तऱ्हेने वेडीवाकडी झाली होती. युक्रेनमध्ये दिसलेल्या वाहनाची कडाही तशीच, बाक न् बाक तशीच. मे २०१८ मध्ये पाच देशांच्या संयुक्त तपास पथकाने ते क्षेपणास्त्र त्याच ब्रिगेडच्या वाहनावरचे असल्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेदरलंड्सच्या न्यायालयाने तिघांना गैरहजेरीत दोषी ठरवले.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यातली प्रत्येक पायरी कुणालाही पुन्हा चढून पाहता येत होती. हे छायाचित्र, हा नकाशा, ही सावली, आता तुम्हीच ताडून पाहा. ‘विश्वसनीय सूत्रांनी सांगितले’ या तीन शब्दांवर तुम्ही जेवढा भार टाकता, तेवढा त्यांना कशावरच टाकावा लागला नाही.

उलटा अनुभव सीबीएस या अमेरिकी वाहिनीचा. सप्टेंबर २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातल्या सेवेबद्दल १९७० च्या दशकातली म्हणून काही कागदपत्रे त्यांनी दाखवली. काही तासांत लोक विचारू लागले, त्या काळच्या कार्यालयातल्या टाइपरायटरवर अक्षरांमधले अंतर असे कसे? हाच मजकूर आजच्या संगणकावर टाइप केला तर ओळी जुळतात कशा? बारा दिवस अडून बसल्यावर, कागदांच्या अस्सलपणाची खात्री देता येत नाही हे वाहिनीला मान्य करावे लागले. टीका करणाऱ्यांत राजकीय हेतूने पेटलेले पुष्कळ होते. त्याने काय फरक पडतो? अक्षरांमधले अंतर कुणाच्या पक्षाचे नसते.

आता तुमच्या तक्रारीतले तथ्य. खोटे वेगाने पसरते आणि त्यात माणसे मरतात, हे मी पूर्ण गांभीर्याने मान्य करते. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवरून विखार पसरवला गेला. २०१७ च्या अत्याचारांचा तपास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने त्यावर बोट ठेवले, आणि कंपनीनेही आपण पुरेसे काही केले नाही हे २०१८ मध्ये कबूल केले. इंटरनेटच्या स्वातंत्र्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवूनच बोलले पाहिजे. पण त्यातला एक तपशील तुमच्या चर्चांतून कायम गळतो. या विखारात म्यानमारच्या लष्कराचा हात होता. ऑगस्ट २०१८ मध्ये फेसबुकने ज्यांची खाती काढली, त्यांत खुद्द लष्करप्रमुखांचे खाते होते. म्हणजे तिथे परवान्याची पद्धत असती, तर परवाने वाटायला हेच लोक बसले असते. कोण बोलू शकतो हे ठरवायचा शिक्का ज्याच्या हातात द्याल, तो स्वतःचे खोटे आधी मंजूर करून घेईल आणि त्याचे बळी ठरलेल्यांचे खरे नामंजूर करील.

परवान्याची मागणी तुमच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही, कारण तुमचा व्यवसाय परवान्याच्या मरणातून जन्मला. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याप्रमाणे छपाईवर परवान्याचे बंधन होते. १६९५ साली संसदेने त्याची मुदत वाढवली नाही. पुढच्या काही वर्षांत वृत्तपत्रांचे पेव फुटले आणि १७०२ मध्ये ‘डेली कूरंट’ हे तिथले पहिले दैनिक निघाले. त्या पेवात अफवा होत्या, शिवीगाळ होती, विकाऊ लेखणी होती. आज तुम्ही इंटरनेटवर जे जे आरोप करता, ते सगळे त्या काळी तुमच्या पूर्वजांवर झाले आणि बरेचसे खरेही होते. आपल्याकडे व्हाइसरॉय लिटनच्या १८७८ च्या कायद्याने देशी भाषांतली वृत्तपत्रे तेवढी जखडली आणि इंग्रजी मोकळी सोडली, तेव्हा ‘अमृत बाजार पत्रिका’ने रातोरात बंगाली सोडून पूर्ण इंग्रजी होऊन त्या कायद्याला बगल दिली. ही हकीकत तुम्ही पत्रकारदिनाच्या भाषणांत अभिमानाने सांगता. मग आज फोनवर लिहिणारा कुणी अशीच बगल देतो, तेव्हा तो तुम्हाला उपद्रवी का वाटतो?

इंटरनेटने सत्ताधाऱ्यांची पकड मोडून काढली आहे, असा भाबडा दावा मी करणार नाही. पकड सैल झाली आहे, आणि ती पुन्हा आवळायचे प्रयत्न रोज चालू आहेत. २०११ च्या जानेवारीअखेर इजिप्तच्या सरकारने जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेट काही दिवस तोडून टाकले. लोक तरीही चौकात जमले, पण तेव्हापासून हा उपाय कितीतरी सरकारांच्या अंगवळणी पडला. वूहानचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला आपल्या डॉक्टर मित्रांना नव्या आजाराबद्दल सावध केले, तर पोलिसांनी बोलावून अफवा पसरवल्याच्या कबुलीवर सही घेतली. महिन्याभराने त्यांनी त्या कागदाचे छायाचित्रच लोकांपुढे ठेवले. ७ फेब्रुवारीला त्याच आजाराने ते गेले. ‘अफवा’ या शिक्क्याखाली काय दडपले जाऊ शकते, हे त्या एका कागदावर स्वच्छ वाचता येते. शिवाय बीव्हरब्रुकच्या जागी आता नवे मालक आले आहेत. २०२२ साली एका माणसाने आख्खे ट्विटर विकत घेतले. कुणाचा मजकूर वर दिसेल आणि कुणाचा तळाला जाईल हे ठरवणारी सूत्रे मूठभर कंपन्यांच्या कुलपात आहेत, आणि ती कशी चालतात हे बाहेरच्या कुणाला पुरते तपासता येत नाही. चार्टवेलच्या बैठकीशी याचे साम्य तुम्हाला दिसत असेल तर तुमची लेखणी तिकडे वळवा. तिथे तुमची खरी गरज आहे, आणि एकेकट्या वाचकाच्या आवाक्यातले ते काम नाही.

माझ्या तुमच्याकडून अपेक्षा साध्या आहेत. ज्या कागदपत्रांच्या आधारे बातमी करता, ती संपूर्ण वाचकापुढे ठेवा. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढी नावे झाका आणि झाकली आहेत हे सांगा. संकेतस्थळावरची बातमी चुकली तर ती गुपचूप बदलू नका, आधी काय लिहिले होते आणि का बदलले हे तिथेच राहू द्या. पहिल्या पानावरची चूक आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींच्या दिलगिरीत पुरू नका. सरकार इंटरनेट बंद करते तेव्हा ती बातमी ‘खबरदारीचा उपाय’ म्हणून प्रशासनाच्याच भाषेत देऊ नका. त्या दिवसांत काय काय कळू शकले नाही, याचा पाठपुरावा करा.

आणि बातमी थांबवायची वेळ आली, तर थांबवा. तपास चालू असतो, एखाद्या मुलीची ओळख उघड होणार असते, पुरावा कच्चा असतो. अशा वेळी घाई न करणारा संपादक मला हवा आहे. पण पुढे ती बातमी अन्य मार्गाने लोकांसमोर आली, तर आम्हाला हे ठाऊक होते, अमुक कारणासाठी आम्ही थांबलो, हे तुमच्या नावानिशी लिहा. कारण पटले तर वाचक तुमच्या पाठीशी उभा राहील. न पटले तर वाद घालील, आणि तो वाद उघड्यावर होईल.

इंटरनेटवर लिहिणाऱ्यांच्या नोंदणीचा मसुदा कधी ना कधी पुढे येईल आणि त्यावर संपादक म्हणून तुमचे मत मागितले जाईल. त्याला लेखी विरोध करा, आणि तो विरोध तुमच्या अंकात छापा. तुमचे मत वेगळे असेल तर तेही छापा, पण मसुद्यातल्या ‘अधिकृत’ यंत्रणेवर कोण बसणार, त्याला कोण नेमणार आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच लेखात द्या. मी वाट पाहते आहे.

आपली,
एक नियमित वाचक